अनुमोदक

मी विद्यार्थी परिषदेचा सचिव झालो तो माझ्या आवाजावर. गुण बरे होते, पण माझ्याहून बऱ्या गुणांची पोरं वर्गात होती. आवाज मात्र माझ्याएवढा कुणाचा नव्हता. आमच्या गावात या बांधावरून त्या बांधावरच्या माणसाला हाक मारायची तर फोन कोण काढत बसतं? तसाच बोलायला शिकलो. वर्गात उत्तर दिलं तरी ते गेटवरच्या शिपायाला ऐकू जायचं. उपप्राचार्य मोकल मॅडम म्हणायच्या, "ऋत्विक बोलणार असेल तर माइक लावायला नको." सगळे हसायचे, मीही हसायचो. ते मला फार आवडायचं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

कॉलेजचं नाव सांगत नाही. बोर्ली पंचतनपासून एसटीने अर्धा तास, माळावर, एवढं पुरे. त्या वर्षी तपासणी समिती येणार होती, आणि समिती येणार म्हटलं की सगळं कागदावर हवं होतं. इतकी वर्षं तोंडी चाललेल्या गोष्टींची ऑगस्ट महिन्यात धोरणं झाली. हजेरीचं धोरण, मोबाइलचं धोरण, कँटीनचं धोरण, गॅदरिंगला कुठली गाणी लावायची नाहीत त्याचंही धोरण. एका महिन्यात नऊ बैठका. मी शर्टाच्या खिशाला दोन पेनं लावून हिंडायचो आणि कुणी "चल, चहा घेऊ" म्हटलं की घड्याळ बघायचो. एवढा शहाणा मी त्याआधी नव्हतो आणि नंतरही झालो नाही.

बैठकीचं इतिवृत्त लिहायची एक लांब, लाल बांधणीची वही होती. ती माझ्या ताब्यात. पानाच्या वरच्या भागात हजर सदस्यांच्या सह्या, खाली ठराव. प्रत्येक ठरावाला एक सूचक आणि एक अनुमोदक लागतो. खरं तर बोलायचे आम्ही तिघेचौघेच, पण समितीला सगळी परिषद जागी दिसायला हवी, म्हणून ही नावं मी पाळीपाळीने लावायचो. या ठरावाला हा सूचक, तो अनुमोदक. पुढच्याला दुसरी जोडी. आमच्या आधीचे सचिवही तसंच करत. कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

बैठका चार वाजता. तेव्हा तास संपलेले असत, आणि आम्ही मोटारसायकलवाले काय, सहालाही घरी जाऊ. अडचण एकटीची होती. आफरा हसवारे, एस.वाय.बी.एस्सी.ची वर्गप्रतिनिधी. तिचं गाव खाडीकाठी, आणि तिकडे जाणारी एसटी सव्वाचारला कॉलेजसमोरून सुटायची. त्यानंतरची थेट साडेसातला. ती पकडली तर फाट्यावर उतरेपर्यंत नऊ वाजत, पुढे दोन किलोमीटर चालायचं. वडील कुवेतला, घरात आई आणि आजी. तिला कोण साडेसातच्या गाडीने येऊ देणार?

पहिल्या बैठकीला ती दहा मिनिटं बसली आणि घड्याळ बघून उठली. गणसंख्या भरेना. तेव्हा मीच तोडगा काढला. म्हटलं, "आफरा, तू पानावर सही करून जा. मी आत काय झालं ते तुला उद्या सांगतो." मोकल मॅडमनी मान डोलावली. माझी मलाच हुशारी वाटली. त्या दिवसापासून आफरा बरोबर चारला यायची, कोऱ्या पानावर आपल्या नावापुढे सही करायची आणि ओढणी सावरत एसटीकडे पळायची.

दुसऱ्या आठवड्यात तिने मला एक कागद दिला. वहीचं पान, पण आखून नीट लिहिलेलं. एसटीच्या वेळा, अकरा मुलींची नावं, गावं. या मुलींचं प्रॅक्टिकल आठवड्यातून तीन दिवस तीन ते पाच असायचं, आणि हजेरी लागायची पाच वाजता, जर्नलवर सही घेताना. सव्वाचारच्या गाडीने जाणाऱ्या मुली निम्म्याहून जास्त प्रॅक्टिकल करूनही गैरहजर. आतापर्यंत वर्षाअखेरीला सर माफ करत. आता पंचाहत्तर टक्क्यांचा नियम लेखी होणार, म्हणजे माफी संपली.

"दोनच मागण्या आहेत," ती म्हणाली. "एक तर आमची बॅच सकाळी घ्या, नाहीतर चारला हजेरी लावा. मी थांबू शकत नाही म्हणून तुला देते. तू मांडशील ना?"

"मांडशील ना म्हणजे काय? माझ्यावर सोड."

"तुझा आवाज तरी पोचतो," ती म्हणाली आणि हसली.

मी कागद घडी करून खिशात ठेवला.

आता दुसरी बाजू सांगतो. ती सांगितली म्हणून माझं ओझं हलकं होत नाही, पण घडलं असं. जुलैमध्ये भातलावणी असते. आमच्याकडची पोरं आठ-दहा दिवस शेतात असतात, हजेरी बुडते. माझ्या एकट्या गावातली सतरा पोरं त्या कॉलेजात. माझे वडील, बाबाजी, रोज रात्री जेवताना विचारायचे, "काय झाला तुमच्या मीटिंगीचा? लावणीला पोरा न्हाय तर करायचा कोणी? हाय कोण गावात?" शेजारचेही विचारायचे. मी सचिव झालो याचा गावाला एवढाच उपयोग दिसत होता, आणि मला गावापुढे मिरवायचं होतं.

तेवीस ऑगस्टच्या बैठकीत हजेरीचं धोरण पक्कं व्हायचं होतं. चारला आफरा आली, सही केली, माझ्याकडे बघून खिशाकडे बोट दाखवलं आणि गेली. चर्चा लांबली. साडेचारच्या सुमारास मोकल मॅडम म्हणाल्या, "हे बघा, दोन-दोन सवलती दिल्या तर समिती विचारेल, मग नियम केलाच कशाला? एक काय ती ठरवा." परिषदेची अध्यक्ष प्रणाली माझ्याकडे बघत होती. आफराने तिलाही बसचं सांगितलेलं असणार. ती म्हणाली, "मॅडम, काही मुलींचं एसटीचं पण आहे..." आणि थांबली. तिला वाटलं, पुढचं मी बोलेन.

मी बोललो. लावणीवर बोललो. अर्धा तास असा बोललो की बाहेरून जाणारी पोरं खिडकीशी थांबली. चिखल, पाऊस, आईबापांचे कष्ट, काही म्हणजे काही सोडलं नाही. शेवटी टाळ्या पडल्या. लावणीचे दहा दिवस हजेरीत धरायचे, ठरलं. खिशातला कागद मी काढला नाही. मनात म्हटलं, पुढच्या बैठकीत घेऊ, आधी हे पदरात पाडून घेऊ.

मग मॅडमनी शेवटचं वाक्य सांगितलं आणि मी लिहून घेतलं. 'लावणीव्यतिरिक्त, विशेषतः प्रवासाच्या कारणास्तव, हजेरीत कोणतीही सवलत दिली जाणार नाही.' लिहिताना हात अडखळला का? नाही अडखळला. वाक्य पूर्ण केलं, खाली नेहमीप्रमाणे 'सर्वानुमते' लिहिलं. सूचक म्हणून माझं नाव घातलं. अनुमोदकाची पाळी बघितली, तर आफराची होती. मी 'अनुमोदक: कु. आफरा हसवारे' असं लिहिलं, वळणदार अक्षरात, आणि वही मिटली.

दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "अजून पक्कं नाही, पुढच्या बैठकीत घेतोय." पुढच्या बैठकीत कँटीन आलं, त्यापुढच्या बैठकीत गणपतीची सुट्टी. तिने आणखी दोनदा विचारलं. सप्टेंबरमध्ये धोरण छापून फळ्यावर लागलं तेव्हा ती मला जिन्यात गाठून म्हणाली, "ऋत्विक, हे प्रवासाचं काय लिहिलंय?"

"अगं, समितीला दाखवायला छापलंय. एवढं कडक कोण पाळतंय?"

मला खरंच तसं वाटत होतं. आमच्याकडे कुठला नियम कोणी पाळलेला मी तोवर पाहिला नव्हता.

ऑक्टोबरात परीक्षेचे फॉर्म आले आणि हा नियम पाळला गेला. अकरा मुलींपैकी तिघी पंचाहत्तरच्या खाली होत्या. दोघींनी डॉक्टरचं सर्टिफिकेट आणलं आणि सुटल्या. सगळे तेच करतात. मी आफराला म्हटलं, "तूही आण, बोर्लीत कोणीही देईल." ती म्हणाली, "मी आजारी कुठं होते? मी एसटीत होते." तिची हजेरी सहासष्ट टक्के. तिने खरं कारण लिहून तक्रार समितीकडे अर्ज केला. फॉर्म भरायची परवानगी मिळाली नसती तर वर्ष जाणार होतं. वडिलांनी कुवेतवरून आधीच सांगून ठेवलं होतं, एकदा वर्ष गेलं की कॉलेज बंद.

समिती बसली सव्वातीनला, मॅडमच्या केबिनमध्ये. मॅडम, दोन सर, प्रणाली आणि सचिव म्हणून मी. आफराला बाहेर थांबायला सांगितलं. अर्ज वाचून झाला. अर्ज चांगला होता. एका सरांचं मन वळतंय असं वाटलं. ते म्हणाले, "पोरगी हुशार आहे, बघू या काही करता येतं का."

मॅडमनी लाल वही उघडली. "ठराव क्रमांक सात. प्रवासाची सवलत नाही. सर्वानुमते. अनुमोदक, आफरा हसवारे. आणि ही तिची सही." त्यांनी वही सरांच्या पुढे सरकवली.

सर म्हणाले, "अरे वा. स्वतःच अनुमोदन द्यायचं आणि स्वतःच तक्रार करायची?"

प्रणाली माझ्याकडे बघत होती. मला एकच वाक्य बोलायचं होतं. 'मॅडम, ही सही चारला कोऱ्या पानावर घेतली होती, ठराव पाच वाजता झाला, आणि अनुमोदक मी मनाने लिहिलं.' एवढंच. पण तेवढं बोललो असतो तर नऊच्या नऊ बैठकांचं इतिवृत्त खोटं ठरलं असतं, आणि तपासणी समिती पंधरा दिवसांवर आली होती. मॅडमना सह्यांचं माहीत होतं. त्यांच्यासमोरच तर ती पद्धत पडली होती. त्यांना आठवत होतं की नाही, मी कधी विचारलं नाही. मला कुणी धमकावलं नव्हतं, कसलं आमिष दाखवलं नव्हतं. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे कित्येकदा मी मनातल्या मनात तसं काहीतरी रचायचा प्रयत्न केला. मला फक्त लाज वाटली. चार माणसांत खोटा ठरायची लाज. ज्या पोराला माइक लागत नव्हता तो खाली मान घालून वहीत लिहीत राहिला. 'अर्ज नामंजूर.' तेही माझ्याच अक्षरात.

आम्ही सगळे बाहेर आलो तेव्हा चारला पाच कमी होते. आफरा दाराशेजारी भिंतीला टेकून उभी होती. मी मान हलवली. तिने विचारलं, "तू बोललास?"

"खूप बोललो गं. त्यांनी ऐकलंच नाही."

तिने ओढणी सावरली. मग म्हणाली, "बरं. बोललास ना, बस झालं."

साडेपाचला मी मोटारसायकल काढली तेव्हा ती समोरच्या एसटी थांब्यावर बाकावर एकटीच बसलेली दिसली. मी गेटाच्या आतून पाहिलं. मला वाटलं, सव्वाचारची चुकली असणार बिचारीची. समोर जाऊन काय बोलणार? मी मागच्या कच्च्या रस्त्याने घरी गेलो.

दिवाळीनंतर ती कॉलेजात आली नाही. समिती आली, वही बघून खूश झाली, आम्हाला प्रमाणपत्रं मिळाली. माझं अजून घरात टांगलेलं आहे. वडील काढू देत नाहीत.

याला आता तीन वर्षं झाली. मी माणगावकडे एका कंपनीत लागलो, शनिवार-रविवार घरी येतो. आफरा बोर्लीच्या बाजारात तिच्या मामांच्या दुकानात बसते. लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देते, प्रिंट काढून देते. एक-दोनदा समोरासमोर आलो तेव्हा तिने "काय, बरा आहेस ना?" असं नीट विचारलं होतं. तेव्हापासून मी बाजारात गेलो की मच्छीवाल्यांच्या मागच्या गल्लीने जातो. आई म्हणते, "सरळ रस्ता सोडून त्या घाणीतून कशाला येतोस?"

या ऑगस्टमध्ये कॉलेजच्या नव्या सचिवाचा, शुभमचा, फोन आला. नव्या परिषदेला जुन्या सचिवाने मार्गदर्शन करावं अशी विनंती होती. मार्गदर्शन म्हटल्यावर मी फुगलो, आणि एक दिवस रजा काढून गेलो. मोकल मॅडम निवृत्त झाल्या होत्या. टेबलावर तीच लाल वही होती, किंवा तिची धाकटी बहीण. शुभमने कोरं पान उघडून ठेवलं होतं.

चारला पाच कमी असताना पाठीला सॅक लावलेल्या चार मुली आत आल्या. तिघींनी पटापट सह्या केल्या आणि पळाल्या. मला कुणी सांगायची गरज नव्हती. एसटी अजून सव्वाचारलाच होती.

चौथीने पेन घेतलंच नाही. म्हणाली, "मी सही करणार नाही. आधी ठराव लिहा, मग करते."

शुभम म्हणाला, "तैयबा, तुझी गाडी जाईल. सही करून जा, उद्या सांगतो ना मी काय झालं ते."

"जाऊ दे गाडी. कोऱ्या पानावर सही करायची नाही, असं माझ्या आपाने सांगितलंय."

"कोण आपा?" मी विचारलं. ते मला विचारायलाच नको होतं.

"आफराआपा. माझी चुलत बहीण. इथंच होती." तिने माझ्याकडे बघितलं. "तुम्ही ऋत्विकभाई का?"

मी हो म्हटलं. तिला किती ठाऊक आहे ते मला कळेना, आणि खोलीत सगळे माझ्या मार्गदर्शनाची वाट बघत बसलेले. मी म्हटलं, "बैठक दुपारच्या सुट्टीत का घेत नाही तुम्ही?" शुभमने इकडेतिकडे पाहिलं. म्हणाला, "घेता येईल की." पाच मिनिटांत ठरलं. पुढची बैठक एक वाजता. आम्ही नऊ बैठका घेतल्या, त्यांतल्या एकीतही हे कुणाला सुचलं नव्हतं. मला सुचायला हवं होतं. तैयबा धावत गेली आणि तिला गाडी मिळाली.

मी तिथून निघालो तो सरळ बोर्लीला, बाजाराच्या मुख्य रस्त्याने. आफरा काउंटरमागे होती, चष्मा लागलेला. मला बघून म्हणाली, "अरे, ये. काय काढायचंय?"

"काही नाही. तुला सांगायचं होतं. त्या दिवशी केबिनमध्ये मी एक शब्दही बोललो नव्हतो."

"माहीत आहे."

तिने हातातला कागद खाली ठेवला.

"दार नुसतं लोटलेलं होतं," ती म्हणाली. "मॅडमचा आवाज आला, सरांचा आला. अनुमोदक कोण तेही ऐकलं. तुझा आवाज आला नाही. तुझा आवाज आला नाही म्हणजे तू बोललाच नाहीस, एवढं मला कळणार नाही?"

"मग 'बस झालं' का म्हणालीस?"

"सगळे उभे होते ना तिथं. सगळ्यांसमोर कसा कबूल करशील? म्हटलं, मागून येईल, एकट्यात सांगेल. कोऱ्या पानावर सही घेतली, एवढं तू लिहून दिलं असतंस तर दुसऱ्या दिवशी परत अर्ज करता आला असता. दोन दिवस होते फॉर्मला." ती प्रिंटरमधले कागद सारखे करायला लागली. "सव्वाचारची समोर येऊन थांबली. कंडक्टरने हाक पण मारली. मी चढले नाही. साडेसातपर्यंत बसले होते. घरी गेल्यावर अम्मीने मारलं होतं त्या दिवशी, पहिल्यांदा."

मला वाटलं, बाकावर बसलेली दिसली होतीस हे सांगू नये. तेवढं तरी माझ्याकडे राहू दे.

"तू गेटातून बघितलं होतंस मला," ती म्हणाली.

"हो," मी म्हटलं.

तेवढ्यात एक म्हाताऱ्या बाई रेशनकार्ड घेऊन आल्या. आफराने त्यांना स्टूल दिलं, कार्ड हातात घेतलं आणि मला म्हणाली, "जरा बाजूला हो, उजेड येत नाही." मी बाजूला झालो. तिने बाईंचा फॉर्म भरला, प्रिंट काढली, आणि सहीसाठी पुढे करण्याआधी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत त्यांना मोठ्याने वाचून दाखवली.